चंदरला उचलायचं कसं

माझा धाकटा भाऊ चंदर जन्मला तेव्हा त्याच्या डाव्या पायाला घोट्यापासून खाली कातडी नव्हती. पाय होता, पाचही बोटं होती, पण सगळा भाग लालभडक, ओला आणि चकचकीत. बाळंतपण दादीनं केलं होतं, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईनं. अर्धा तांडा तिच्याच हातावर जन्मलेला. तिनं रिवाजाप्रमाणे लेकराला तेल लावून पिठानं चोळायला घेतलं, आणि पाठीवर तिचा अंगठा फिरला तिथली कातडी भिजलेल्या हरभऱ्याचं साल निघावं तशी सरकून बाजूला झाली. दादीनं हात वर धरले आणि कितीतरी वेळ तसेच वर धरून बसून राहिली. मी दारातून बघत होते. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. तिला माझ्याकडं बघून एवढंच म्हणता आलं, "पोरी, म्या काय केलं गं?"

आमचा तांडा साखरा गावापासून कोसभर आत, माळावर. पंचवीस-तीस मातीची घरं, मधोमध लिंबाचा पार, आणि खाली ओढ्याकाठी झरा. आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलायचो. आईला याडी म्हणायचो, वडिलांना बा. बाकीचं सगळं मी इथं मराठीतच लिहिते आहे, पण आमच्या भागात बोलतात तसल्या मराठीत, कारण याडीचं बोलणं पुस्तकातल्या मराठीत मला ऐकूच येत नाही. तिचं घरात असणं आम्हाला आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. कानशिलावरून गालांपर्यंत लोंबणारी चांदीची घुगरी, आरशांनी भरलेली चोळी म्हणजे कांचळी, पायातले वाळे, आणि मनगटापासून थेट दंडापर्यंत चढवलेला पांढऱ्या बांगड्यांचा चुडो. ती भाकरी थापायला बसली की चुडो एका लयीत वाजायचा. मी डोळे मिटूनही सांगू शकायचे की आता पीठ मळून झालं, आता भाकरी परातीतून उचलली, आता तव्यावर टाकली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, पाट्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा; सणाला गुळाची लापशी. घर एवढंच होतं. आणि हे सगळे दागिने, जे लग्न झालेल्या बाईच्या अंगावरून नवरा जिवंत असेपर्यंत उतरत नाहीत, ते चंदरसाठी काटे ठरले.

पहिल्या महिन्यातच आम्हाला कळून चुकलं की त्याला धरता येत नाही. काखेत हात घालून उचललं की काखेत फोड यायचा, पाण्यानं टच्च भरलेला, लिंबाएवढा. तो फुटला की खाली लाल मांस. दुपटं चिकटायचं आणि काढताना कातडी घेऊन यायचं. याडीनं अंगावर पाजलं तर ओठांच्या आतून फोड. मग ती दूध वाटीत काढायची, कापसाची वात करून त्यात बुडवायची आणि थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडायची. एक वाटी दूध संपेपर्यंत दारातलं ऊन उंबऱ्यापासून आतल्या भिंतीपर्यंत सरकायचं. त्याला हलवायचं असलं की बाच्या जुन्या धोतराची चौपदरी घडी त्याच्याखाली सरकवायची, दोघींनी दोन-दोन टोकं धरायची आणि झोळीसारखं उचलायचं. याडी आणि मी. "हळू. झटका नको. आता खाली." दिवसातून दहा वेळा हेच शब्द.

दादीनं उतारे केले, कोंबडं सोडलं, नवस बोलली. शेवटी बा त्याला हिंगोलीला घेऊन निघाला. तेव्हा आमच्या भागाचा जिल्हा परभणी होता आणि हिंगोली म्हणजे आमच्यासाठी जगातलं सगळ्यात मोठं गाव. बैलगाडीत कडबा पसरून, त्यावर कापूस, कापसावर धोतर आणि धोतरावर चंदर. सेनगावापर्यंत गाडीतून, पुढं एसटीनं. एसटीत याडीनं त्याला मांडीवर घेतलंच नाही. धोतराची दोन टोकं बाच्या हातात आणि दोन तिच्या, अशी सगळी वाट त्यांनी ते अधांतरी धरलं. माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं. लोक वळून वळून बघत होते.

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. त्यांनी चंदरला उघडं केलं. मग जखमांवर जांभळं औषध लावलं, वर जाळीचं कापड ठेवलं, आणि ते निसटू नये म्हणून पाठीवर आणि मांडीवर चिकटपट्ट्या लावल्या. चार दिवस राहा म्हणाले. आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी बदलायला घेतली. चिकटपट्टीचं एक टोक नखानं उचललं आणि ओढलं. पट्टी निघाली, आणि पट्टीच्याच आकाराची, सरळ रेषेत कापल्यासारखी, चंदरची कातडी तिच्याबरोबर निघाली. तो किती मोठ्यांदा ओरडला असेल ते आठवायला जाते, पण आठवत नाही. आठवतो तो डॉक्टरांचा हात. चिमटीत ती पट्टी धरून ते उभे होते. अजून तीन पट्ट्या त्याच्या अंगावर होत्या. त्यांनी कोमट पाणी मागवलं, तेल मागवलं, आणि त्या तीन पट्ट्या ओल्या करत करत सोडवायला त्यांना सगळी दुपार लागली. मग बासमोर येऊन ते म्हणाले, "माझी चूक झाली. असं लेकरू मी कधी पाहिलं नाही. पुस्तकात एक ओळ वाचली होती, बस."

"औषध सांगा सायेब," बा म्हणाला. "काय लागंल त्ये करतो."

"औषध नाही याला."

बाला वाटलं, आपले कपडे बघून, पैसे नसतील म्हणून ते तसं म्हणताहेत. तो म्हणाला, "औरंगाबादला न्हेऊ? मंबईला न्हेऊ?"

"न्या. मी चिठ्ठी देतो. पण तिथंही हेच सांगतील." मग ते याडीकडं वळले आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "बाई, याला कमीत कमी हात लावायचा. मांडीवर घ्यायचं नाही, छातीशी धरायचं नाही. केळीच्या पानावर तेल लावून निजवा. पान चिकटत नाही."

याडीला मराठी कळायची. तरी तिनं माझ्याकडं बघितलं, जणू मी वेगळं काही सांगेन.

आमच्या माळावर केळी कुठून असणार? साखऱ्याच्या शिवारात यशवंतमामांच्या विहिरीवर, मोटेचं पाणी सांडायचं तिथं, सात-आठ झाडं होती. मामा बौद्धवाड्यातले. नात्यानं मामा नव्हेत. मी म्हणायला लागले म्हणून झाले. पहिल्यांदा पान मागायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काहून पाहिजे? कोन जेवणार हाये?" मी सांगितलं. त्यांनी विळा घेतला, मधलं कोवळं पान बघून कापलं, देठाची शीर तासून काढली आणि म्हणाले, "रोज मागत नको येऊ. म्या तोडून ह्या धोंड्यावर ठेवत जाईन. वरून वलं फडकं टाकून." त्यांनी ते पावणेदोन वर्षं केलं. पोळ्याला, दिवाळीला, त्यांच्या घरी लग्न होतं त्या दिवशीसुद्धा. विहिरीवरच्या केळी कधी फळाला आल्या नाहीत, कारण पानंच राहत नव्हती. हे मला मोठं झाल्यावर लक्षात आलं.

पान जाळावरून एकदा फिरवायचं म्हणजे मऊ पडतं. त्यावर खोबरेल. त्यावर चंदर. घरात केळीच्या पानाचा आणि खोबरेलाचा वास भरून राहिला, आणि त्याखाली पिकलेल्या जखमांचा गोडसर वास, जो कुठल्याच धुरानं जायचा नाही. चंदर वाढत होता हे नवल. डोळे मोठे, काळेभोर, पापण्या लांब. चेहऱ्यावर फार फोड नसायचे. तो हसायचा. वर आढ्याला चिमणी यायची तिला बघून हसायचा. फोड यायचे, फुटायचे, भरायचे. भरायचे हेच तर वाईट होतं. जखम भरताना शेजारचं जे सापडेल त्याला धरायची. बोटांच्या कडा सोललेल्या असायच्या. दोन बोटं एकमेकांना टेकून राहिली की भरता भरता एक होऊन जायची. पायाची बोटं आम्हाला कळायच्या आत जुळली. म्हणून याडीनं हातांची बोटं राखायला घेतली. धोतराच्या करंगळीएवढ्या चिंध्या, तुपात बुडवलेल्या, प्रत्येक बोटाला वेगळी. रोज सोडायच्या, रोज बांधायच्या.

याडी शेतावर कामाला जायला लागली तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. चिंधी सोडवताना तो ओरडायचा नाही, नुसता माझ्याकडं बघत तोंड उघडायचा, आणि आवाज मागून यायचा. एका आठवड्यात मी तीन दिवस चिंध्या सोडल्याच नाहीत. याडीनं विचारलं तर "व्हय, केलं" म्हणाले. चौथ्या दिवशी सोडवल्या तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, कोपऱ्यातली चिंधी निसटून गेली होती तिथं, मुळाशी जुळलं होतं. याडीनं ते उजेडाला धरून बघितलं. मला वाटलं, मारेल. तिनं दुसरी चिंधी तुपात बुडवली आणि जुळलेल्या दोन बोटांना मिळून एकच गुंडाळली.

पुढं माझं शिक्षण कसं झालं, मी परिचारिका कशी झाले, ते इथं सांगायचं नाही. पण नोकरीची शेवटची वर्षं माझी औरंगाबादला त्वचारोगाच्या वॉर्डात गेली, आणि एका सकाळी तिथं एक तान्ही मुलगी आली, डाव्या पायाला घोट्यापासून खाली कातडी नसलेली. मी ट्रे खाली ठेवला. तिथल्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर बाईंनी नंतर मला तिच्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकातून दाखवला. कातडीचा वरचा थर, खालचा थर, आणि मध्ये पांढरी रिकामी फट. त्यांनी समजावून सांगितलं: वरच्या थराला खालच्या थरात अडकवून ठेवणारे बारीक दोरे असतात, प्रथिनांचे. पेशींनाही धरायला हातासारखी प्रथिनं असतात. जखम भरते तेव्हा कडेच्या पेशी आपली पकड सैल करतात, पुढं सरकतात, नव्या जागी पुन्हा धरतात, आणि मग वरचा थर खालच्याला बांधला जातो. या मुलांच्या पेशी सरकतात, जखम झाकतात, सगळं करतात. पण खाली अडकवणारा दोराच नसतो किंवा कच्चा असतो. म्हणून भरलेली जखम नुसती वर ठेवलेली असते. बोट लागलं की पुन्हा उघडी. "आणि बोटं जुळतात ती?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जुळतातच, सिस्टर. रोज पट्ट्या बांधल्या तरी. थोडं लांबतं, एवढंच."

तीन दिवसांचं ओझं मी चाळीस वर्षं वाहिलं होतं. ते ऐकून हलकं व्हायला हवं होतं. पण झालं नाही. मी खोटं बोलले होते, ते कुठल्या प्रथिनामुळं नव्हे.

याडी तेव्हा माझ्याकडं राहायला आलेली होती. बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिला सांगितलं की हा दोष जन्माचा असतो, निम्मा आईकडून येतो आणि निम्मा बापाकडून, दोघंही धडधाकट असतात, दोघांना माहीत नसतं. ती मेथी निवडत होती. "निम्मा तुझ्या बाकडून?" तिनं विचारलं. "व्हय." "पक्कं?" "पक्कं, याडी." ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर हसली. "मेला! आन मला वाटून राहिलं, सगळं माझ्यातच खोट हाये." मग हसू थांबलं. काड्या बाजूला, पानं बाजूला, तिचे हात चालू होते. म्हणाली, "त्याला कळाया पाहिजे व्हतं. दोघं मिळून वाटून घेतलं असतं."

पण मला चंदरच्या दुसऱ्या हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे. दिवाळीनंतर बा ऊसतोडीला गेला. चंदर व्हायच्या आधी दर वर्षी याडी बरोबर जायची; ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. त्या वर्षीही ती थांबली आणि बा धाकट्या काकाला घेऊन गेला. चंदर दीड वर्षाचा झाला होता. बसायचा. चार शब्द बोलायचा. आणि त्याला घुगरीचा आवाज ओळखू यायचा. याडी कापूस वेचून माळ चढायला लागली की घरात कुणालाच काही ऐकू येत नसताना तो पानावर उठून बसायचा आणि चिंध्या गुंडाळलेले दोन्ही हात वर करायचा. "घे." त्याचा तो पक्का शब्द होता. याडी दारात यायची आणि त्याच्यापासून दोन हात लांब थांबायची. "घे." ती खाली बसायची, त्याच्याशी बोलायची, गाणं म्हणायची. "घे." हात तसेच वर. खांदे दुखून हात खाली यायचे तेव्हा तो मान फिरवायचा.

एके दिवशी दुपारी ती लवकर परतली. खोबरेलाची वाटी घेऊन घरामागं गेली आणि मला हाक मारली. हात पुढं केला. "वढ."

"काय वढू?"

"चुडो. वढ."

"याडी, काहून? दादी..."

"वढ म्हणलं ना."

मी ओढला. तेल लावून, साबण लावून. दंडावरचे चुडे लग्नात चढवलेले, त्यानंतर हात भरला होता. काही निघाले. दोन कोपराशी अडकले ते तिनं वरवंट्यानं फोडले. खालची कातडी मी पहिल्यांदा बघितली. पंधरा वर्षं ऊन न लागलेली, पांढुरकी, लहान लेकराच्या पोटासारखी. तिनं घुगरी सोडली, कांचळी काढली, आणि बाचं जुनं धोतर छातीभोवती गुंडाळून, हातांना तेल चोपडून आत गेली. चंदर दाराकडंच बघत होता. आवाजाशिवाय आलेली ही बाई त्याला ओळखू येईना. त्यानं तिच्या मागं बघितलं, आवाज कुठं राहिला म्हणून. मग ती बोलली आणि त्याचे हात वर गेले. तिनं पानासकट त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि पान हळूच खालून सरकवून काढलं. त्याचा गाल तिच्या उघड्या दंडावर टेकला. तो झोपला. याडी भिंतीला पाठ लावून दिवेलागणीपर्यंत बसली. पायांना मुंग्या आल्या तरी हलली नाही, कारण हललं तर घासलं जाणार.

दादी सरपणाचा भारा घेऊन आली. दारात वाकून तिनं आत बघितलं. सुनेचे दोन्ही हात उघडे, गालांवर घुगरी नाही. आमच्या तांड्यात त्याचा अर्थ एकच असतो. भारा तिच्या डोक्यावरून पडला आणि तिनं असा टाहो फोडला की चंदर दचकून उठला. तिला वाटलं, तिच्या मुलाची खबर आली. बाया धावत आल्या. "कवा गेला? कोन सांगाया आलं?" एक-दोघींनी रडायलाही सुरुवात केली. मी ओरडून ओरडून सांगत होते, बा बरा हाये, बा बरा हाये. ते दादीच्या कानात शिरायला फार वेळ लागला. शिरलं तेव्हा ती रडायची थांबली आणि याडीजवळ येऊन म्हणाली, "माझा लेक जिता असताना तू त्याला मारलंस. माझ्या डोळ्यांनी म्या त्याला मेलेला पाहिला आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर नायक बसले. तांड्याचा शब्द त्यांच्याकडं. माणूस वाईट नव्हता. चंदरला बघायला स्वतः आमच्या घरी येऊन गेले होते. म्हणाले, "बाई, लेकराची तकलीफ मला दिसून राहिली. मी आंधळा न्हाई. पण तुझा नवरा उसाच्या गाडीवर हाये, रोज जिवाचं काम. ही म्हातारी तुझे हात बघंल आन रोज त्याचं मढं बघंल. तिचं मी काय करू, तू सांग."

याडीनं मान खाली घातली. दोन दिवसांनी सेनगावच्या बाजारातून नवीन चुडे आले. मापाला लहान होते. चार बायांनी तिला धरलं, साबणाच्या फेसात एक एक चढवला. याडी आढ्याकडं बघत राहिली. शेवटचे दोन दादीनं चढवले, आणि चढवताना दादी रडत होती, "दुखून राहिलं का गं, दुखून राहिलं का," असं विचारत होती आणि तरी ढकलत होती. मी दाराशी उभी होते. मी काहीही केलं नाही.

त्यानंतर याडीनं हातांना लुगड्याच्या घड्या गुंडाळून त्याला घेऊन बघितलं. घड्या सरकायच्या, चुडो लागायचा, पाठभर फोड. आठ दिवसांत तिनं सोडून दिलं. पुन्हा दोन हात लांब बसायला लागली. चंदर "घे" म्हणत राहिला, आणि मग हळूहळू तो शब्द त्यानं टाकला.

होळीच्या सुमाराला बा आला. दादीनं पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, जेवला, हात धुतला. याडीच्या दंडावर नवीन घट्ट चुड्यांचे वळ होते, त्यावर त्यानं नुसता हात ठेवला. दुसऱ्या दिवशी साखऱ्याला जाऊन आला. येऊन सदरा काढला तेव्हा आम्ही बघतच राहिलो. सगळी छाती भादरून आला होता. न्हाव्यानं म्हणे विचारलं, कोणत्या देवाचा नवस? बानं छातीला, हातांना खोबरेल चोळलं, भिंतीला टेकून बसला आणि मला म्हणाला, "दे त्याला."

"बा, दुखंल त्याला."

"दुखू दे थोडं. दे."

त्याच्या हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते, तळवे कोयत्यानं दगडासारखे झालेले. म्हणून त्यानं तळवे लावलेच नाहीत. दोन्ही हात कोपरापासून आडवे धरून त्यांच्या पाळण्यात चंदरला घेतलं. तांड्यातले बापे हसून गेले. गडी माणूस उघड्या छातीनं लेकरू घेऊन दारात बसलाय! बा दर तिसऱ्या दिवशी साखऱ्याला जाऊन छाती भादरून यायचा, सकाळ-संध्याकाळ बसायचा. याडी समोर बसून वातीनं आंबील भरवायची. फोड तरीही आलेच. पण "घे" हा शब्द परत आला.

उन्हाळ्यात जखमा पिकल्या. माश्या हटेनात, मी दिवसभर लिंबाची डहाळी फिरवायचे. घशात फोड आले आणि आंबील नाकातून यायला लागली. डॉक्टरांकडं पुन्हा नेलं, त्यांनी इंजेक्शनची सुई हातात घेतली आणि टोचायला जागा शोधत राहिले. बैलगाडीतून परत येताना अंग तव्यासारखं तापलेलं. पाच दिवस ताप उतरला नाही. सहाव्या दिवशी सकाळी, बा त्याला घेऊन बसलेला असताना, तो गेला. बाला कळायलाही वेळ लागला. याडीनं वात तोंडाजवळ नेली, थेंब ओठावरून खाली ओघळला, तेव्हा कळलं.

लेकराला आमच्यात पुरतात. नायक आले, दोघं-चौघं जमले. यशवंतमामा केळीची पानं घेऊन आले. त्या दिवशी धोंड्यावर न ठेवता स्वतः दारापर्यंत घेऊन आले. चंदरला पानांत गुंडाळलं. निघायची वेळ झाली तेव्हा एकानं रिवाजाप्रमाणे मिठाची पुरचुंडी मागितली. खड्ड्यात मीठ घालायचं असतं, म्हणजे जनावर उकरत नाही. दादीनं मडक्यातलं मीठ फडक्यात बांधून दिलं. याडी उठून दारात आली आणि म्हणाली, "मीठ नको."

"अगं बाई, कोल्ही हायेत वढ्याकाठी," नायक म्हणाले.

"मीठ नको. झोंबंल त्याला."

बानं मान फिरवली. एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आता काय झोंबायचं ऱ्हायलंय गं लेकराला?" आणि पुरचुंडी घेऊन पुढं निघाला. तेव्हा दादी त्याला आडवी आली. तिनं त्याच्या हातातून ती पुरचुंडी काढून घेतली, आपल्या ओढणीच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "न्हाई घालायचं. मी बसते तिथं."

बायांनी तिकडं जायचं नसतं. ती गेली. पुरुषांनी माती लोटली, वर धोंडे रचले, बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि ते परत आले. दादी काठी घेऊन तिथंच बसली. दिवसा मी भाकरी घेऊन जायचे, ती अर्धी खायची. नायक सांगून आले, बा सांगून आला, ऐकेना. चौथ्या दिवशी सकाळी ती माळ चढून घरी आली. ओढणीची गाठ सोडून मीठ मडक्यात ओतलं. मग कोपऱ्यात पडलेल्या याडीजवळ बसली, तिच्या केसांत अडकलेली काडी काढली आणि म्हणाली, "काही आलं न्हाई तिकडं. ऊठ, न्हाऊन घे. म्या पाणी तापवते."